विश्लेषण : सायकलसम्राट फाउस्टो कोप्पीचा मलेरिया डॉक्टरांना का ओळखता आला नाही?

पावसाळ्यात मुंबईत एखाद्याला थंडी वाजून ताप भरला, तर चाळीखालच्या दवाखान्यातला डॉक्टरही दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून आणायला सांगतो. मलेरियाची शंका तिथे कुणाला सुचवावी लागत नाही. मात्र हाच ताप ऐन थंडीत, डास नावालाही नसलेल्या एखाद्या युरोपीय गावात आला तर? १९६० साल उजाडताना उत्तर इटलीत नेमके हेच घडले. रुग्ण साधासुधा नव्हता. तो इटलीचा सर्वांत लाडका खेळाडू होता. त्याच्यासाठी नामांकित डॉक्टर उशाशी उभे होते. या आजारावरचे औषध उपलब्ध होते, स्वस्त होते आणि युरोपला तीनशे वर्षे माहीत होते. तरीही २ जानेवारी १९६० रोजी सकाळी तोर्तोना येथील रुग्णालयात फाउस्टो कोप्पीचा वयाच्या ४०व्या वर्षी मृत्यू झाला. त्याच्याबरोबर प्रवास केलेला, त्याच खोलीत झोपलेला आणि त्याच तापाने फणफणलेला त्याचा मित्र मात्र वाचला. दोघांमध्ये फरक पडला तो रक्ताच्या एका थेंबाचा.

कोण होता फाउस्टो कोप्पी?

सायकल शर्यती आपल्याकडे फारशा पाहिल्या जात नाहीत, त्यामुळे हे नाव अनेकांना अपरिचित वाटेल. आज आपल्याकडे क्रिकेटचे जे स्थान आहे, तेच दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत सायकलचे होते, एवढे लक्षात घेतले की पुरे.

कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी पिडमाँट प्रांतातील कास्तेल्लानिया या डोंगराळ खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांपैकी तो चौथा. लहानपणी प्रकृती तोळामासा आणि शाळेत मन रमत नव्हते. तेराव्या वर्षी शाळा सोडून तो नोव्ही लिगुरे या गावात खाटकाच्या दुकानात कामाला लागला. घर ते दुकान ये-जा सायकलवर, आणि गिऱ्हाइकांकडे माल पोहोचवायचा तोही सायकलवरच. डोंगराळ रस्त्यांवरची ही रोजची रपेट म्हणजेच त्याचा पहिला सराव. व्यापारी जहाजावर कप्तान असलेल्या काकाने दिलेल्या पैशांतून त्याला बरी सायकल मिळाली. मुलांच्या एका शर्यतीत त्याने पहिले बक्षीस मिळवले, ते होते २० लिरा आणि सलामी भरलेला पाव.

नोव्ही लिगुरेतच त्याला बियाजो काव्हान्ना भेटला. काव्हान्ना अंध होता आणि खेळाडूंना मालिश करण्याचे काम करीत असे. डोळ्यांनी दिसत नसलेल्या या माणसाने बोटांनी स्नायू चाचपून या पोराचे पाणी ओळखले. आहार, झोप, सराव या सगळ्यांची शिस्त त्याने कोप्पीला लावली. लांबच लांब पाय, फुगीर छाती आणि बारीक धड अशी कोप्पीची शरीरयष्टी पायी चालताना बेढब दिसे. सायकलवर बसला की मात्र तो वेगळाच प्राणी होई, असे त्याला पाहिलेले लोक सांगत. त्याची हाडे ठिसूळ होती. गळपट्टीपासून मांडीपर्यंत कुठे ना कुठे मोडलेले हाड घेऊन त्याने कारकीर्दीचा बराच काळ काढला.

१९४० मध्ये तो जिनो बार्ताली या तेव्हाच्या सर्वश्रेष्ठ सायकलपटूचा मदतनीस म्हणून ‘जिरो द इटालिया’ शर्यतीत उतरला. बार्ताली पडून जखमी झाला आणि विसाव्या वर्षी मदतनीसच शर्यत जिंकून गेला. त्यानंतर काही दिवसांतच इटली युद्धात उतरला. नोव्हेंबर १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीतच, मिलानच्या व्हिगोरेल्ली ट्रॅकवर त्याने एका तासात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापण्याचा विक्रम केला. तो १९५६ पर्यंत टिकला. पुढच्याच वर्षी त्याला सैनिक म्हणून उत्तर आफ्रिकेत पाठवण्यात आले. ट्युनिशियात ब्रिटिशांनी त्याला पकडले आणि ऐन उमेदीची जवळपास दोन वर्षे युद्धकैदेत गेली.

देशाला त्याची गरज का वाटली?

१९४६ ची मिलान–सान रेमो ही शर्यत इटलीत आजही सांगितली जाते. युद्ध हरलेला, बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेला आणि दोन वेळच्या अन्नाला महाग झालेला देश रस्त्याच्या कडेला उभा होता. कोप्पीने जवळजवळ दीडशे किलोमीटर एकट्याने कापले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकापेक्षा तब्बल १४ मिनिटे आधी तो पोहोचला. त्या दिवसापासून तो नुसता खेळाडू राहिला नाही.

पुढच्या आठ वर्षांत त्याने जे केले त्याची यादी लांब आहे. जिरो आणखी चार वेळा, टूर द फ्रान्स दोनदा, १९५३ मध्ये जागतिक विजेतेपद. एकाच वर्षी जिरो आणि टूर या दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिलाच. ही कामगिरी त्याने १९४९ आणि १९५२ अशी दोनदा केली. १९४९ च्या जिरोमधला कुनेओ ते पिनेरोलो हा टप्पा आल्प्स पर्वतातले पाच घाट ओलांडून जाणारा होता. त्यात कोप्पी १९२ किलोमीटर एकटाच पुढे होता. बार्ताली जवळजवळ १२ मिनिटांनी मागून आला. १९५२ च्या टूरमध्ये त्याची आघाडी एवढी प्रचंड झाली की शर्यतीत चुरस उरावी म्हणून आयोजकांना दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसाची रक्कम वाढवावी लागली. इटालियन लोकांनी त्याला ‘कॅम्पिओनिस्सिमो’, म्हणजे विजेत्यांचा विजेता, अशी पदवी दिली.

बार्ताली आणि कोप्पी ही स्पर्धा तर घराघरांत भांडणे लावणारी होती. बार्ताली धार्मिक, जुन्या वळणाचा. कोप्पी शहरी, आधुनिक, विज्ञानाच्या आधारे आहार आणि सराव ठरवणारा. १९५२ च्या टूरमध्ये घाट चढताना एकाने दुसऱ्याला पाण्याची बाटली दिल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. बाटली कुणी कुणाला दिली, यावर इटलीत अजून वाद होतो.

यशाबरोबर दु:खही आले. धाकटा भाऊ सेर्से हाही सायकलपटू होता. १९५१ मध्ये तुरिनमधील एका शर्यतीत तो पडला. उठून सायकलवरूनच तो हॉटेलवर गेला, पण मेंदूला मार लागला होता आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. कोप्पी यातून पुरता सावरला नाही, असे त्याच्या जवळच्यांचे मत होते. पुढे विवाहित कोप्पी आणि एका डॉक्टरची पत्नी जुलिया ओक्किनी यांच्या संबंधांनी देश ढवळून निघाला. इटलीत तेव्हा व्यभिचार हा फौजदारी गुन्हा होता. जुलियाला काही काळ कोठडीत राहावे लागले, दोघांवर खटला चालला आणि १९५५ मध्ये शिक्षाही झाली. ती स्थगित ठेवण्यात आली. त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाला बापाचे नाव मिळावे म्हणून जुलियाला बाळंतपणासाठी अर्जेंटिनाला जावे लागले. काल डोक्यावर घेणारे लोक आता त्याला रस्त्यात टोमणे मारू लागले.

आफ्रिकेला तो गेला कशासाठी?

१९५९ पर्यंत कोप्पी चाळिशीला आला होता. पूर्वीचा वेग राहिला नव्हता, पण नाव अजून विकले जात होते. सायकलपटूंची त्या काळची कमाई मोठ्या शर्यतींपेक्षा गावोगावच्या प्रदर्शनी शर्यतींतून होत असे. पुढच्या मोसमासाठी तो ज्या संघात जाणार होता, त्याचा व्यवस्थापक दुसरा तिसरा कुणी नसून बार्ताली होता. दोन म्हातारे प्रतिस्पर्धी एका बाजूला, ही जाहिरात चांगलीच खपली असती.

अशा वेळी पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा या देशाचे निमंत्रण आले. हाच आजचा बुर्किना फासो. फ्रेंचांच्या अमलाखालील हा प्रदेश डिसेंबर १९५८ मध्ये स्वायत्त प्रजासत्ताक झाला होता आणि पूर्ण स्वातंत्र्य ऑगस्ट १९६० मध्ये मिळायचे होते. नव्या राजवटीला उत्सव साजरा करायचा होता. अध्यक्ष मॉरिस यामेओगो यांनी युरोपातील नामवंत सायकलपटूंना बोलावले. राजधानी उवागादुगू येथे स्थानिक स्पर्धकांबरोबर एक शर्यत आणि मग शिकारीची सफर, असा बेत होता. कोप्पीबरोबर जाक आंक्तील, राफाएल जेमिनियानी, रोजे हासेनफोर्देर आदी मंडळी होती. कोप्पीला शिकारीचा नाद होता. पैसेही मिळणार होते आणि युरोपातल्या हिवाळ्यात तसेही काम नव्हते.

१३ डिसेंबर १९५९ रोजी शर्यत झाली. मग मंडळी शिकारीला गेली. मुक्कामाच्या घरात डासांचा सुळसुळाट होता. कोप्पी आणि जेमिनियानी एका खोलीत झोपले. पुढे जेमिनियानीने सांगितलेल्या आठवणींनुसार, रात्रभर डास दोघांना फोडून खात होते आणि टॉवेलने ते हाकलण्याचा खटाटोप चालला होता. मलेरिया पसरवणारी अॅनाफिलिस जातीची मादी रात्रीच, बहुधा माणूस झोपेत असताना चावते. जाडजूड मच्छरदाणी आणि आठवड्याच्या गोळ्या एवढ्यावर हे टळण्यासारखे होते. पण युरोपातून चार दिवसांच्या मौजेसाठी गेलेल्यांना त्याचे फार भान नव्हते.

एकाच खोलीतले दोन रुग्ण

सगळे आपापल्या घरी परतले तेव्हा दोघेही ठणठणीत होते. इथेच या आजाराची गोम आहे. डास चावल्यावर मलेरियाचे जंतू आधी यकृतात शिरतात. तिथे ते सुमारे एक ते दोन आठवडे वाढत राहतात आणि या काळात रुग्णाला काहीही जाणवत नाही. बोटीच्या काळात आफ्रिकेहून निघालेल्या माणसाला ताप यायचा तो समुद्रातच, आणि बोटीवरच्या डॉक्टरला तो कुठून निघाला हे ठाऊक असायचे. विमानाने हे अंतर एका दिवसावर आणले. ताप आता आफ्रिकेत येत नव्हता, घरी येत होता.

नाताळ उलटल्यावर नोव्ही लिगुरेच्या घरात कोप्पीला ताप भरला. अंग मोडून आले, मळमळ सुरू झाली. थंडीचे दिवस, गारठलेले गाव आणि दमलेला खेळाडू. फ्लू वाटावा अशीच ही लक्षणे. मग श्वासाला त्रास होऊ लागला तेव्हा छातीचा विकार, न्यूमोनिया असे निदान झाले आणि त्यानुसार उपचार चालू राहिले. प्रकृती ढासळत गेली. १ जानेवारीला त्याला तोर्तोनाच्या रुग्णालयात हलवण्यात आले. बड्या डॉक्टरांना बोलावले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊच्या सुमारास सारे संपले.

त्याच दिवसांत फ्रान्समध्ये जेमिनियानी मृत्यूशी झुंजत होता. त्याचा ताप ४१.६ अंश सेल्सियसवर गेला. तो भ्रमात बडबडत होता, समोरची माणसे ओळखत नव्हता. फ्रेंच डॉक्टरही सुरुवातीला चुकलेच. आधी कावीळ, मग पीतज्वर, मग विषमज्वर असे समजून उपचार झाले. मात्र तिथे कुणीतरी रक्ताचा नमुना पाश्चर इन्स्टिट्यूटकडे पाठवला. सूक्ष्मदर्शकाखाली प्लाझमोडियम फाल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वांत घातक जंतू दिसला. क्विनीन, म्हणजे आपल्या जुन्या पिढीचे कोयनेल, सुरू झाले आणि जेमिनियानी वाचला.

फ्रान्समधून इटलीत कळवण्याचा प्रयत्न झाला होता, रुग्णाचा मित्र मलेरियाने आजारी आहे हे सांगण्यात आले होते, पण तिकडे ते मनावर घेतले गेले नाही, असे जेमिनियानीच्या बाजूने पुढे सांगितले गेले. तो निरोप नेमका कुणापर्यंत पोहोचला, हा वादाचा विषय राहिला. पण निरोपाची गरज होतीच का? कोप्पी आफ्रिकेत जाऊन आला हे गुपित नव्हते. त्याच्या सफरीची माहिती सर्वांना होती. एवढी माहिती हाताशी असताना ती तापाशी जोडली गेली नाही.

शरीरात नेमके काय घडत होते?

मलेरियाचे जंतू माणसात प्रामुख्याने चार-पाच प्रकारचे आढळतात. त्यात व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम हे दोन मुख्य. व्हायव्हॅक्स माणसाला झोपवतो, पण सहसा मारत नाही. फाल्सिपेरमची गोष्ट वेगळी. यकृतात शिरलेल्या एका जंतूपासून हजारो जंतू तयार होऊन रक्तात उतरतात. प्रत्येक जंतू एका तांबड्या पेशीत घुसतो, साधारण ४८ तासांत वाढतो, पेशी फोडतो आणि एकाचे दहा-वीस होऊन नव्या पेशींवर तुटून पडतात. चार-सहा दिवसांत ही संख्या कुठल्या कुठे जाते. त्यात भर म्हणजे फाल्सिपेरमची लागण झालेल्या पेशी चिकट होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसे यांचा रक्तपुरवठा तुंबतो. मग ग्लानी, झटके, लघवी बंद होणे, दम लागणे. शेवटच्या टप्प्यात फुप्फुसांत पाणी भरले की ते न्यूमोनियासारखेच दिसते. कोप्पीच्या डॉक्टरांना दिसलेला छातीचा त्रास खोटा नव्हता, त्यामागचे कारण वेगळे होते.

एक दिवसाआड येणारी थंडी आणि हुडहुडी हे मलेरियाचे पाठ्यपुस्तकी लक्षण. पण फाल्सिपेरमच्या पहिल्या दिवसांत ताप तसा ठरावीक येतोच असे नाही. तो रोज येतो, सतत राहतो, कधी जुलाब-उलट्यांबरोबर येतो. हुडहुडीची वाट पाहणारा डॉक्टर फसतो.

मग उवागादुगूतले लोक याच डासांमध्ये कसे राहत होते? उत्तर क्रूर आहे. तिथे मलेरियाने मरायचे ते प्रामुख्याने लहानपणी. जी मुले वाचतात त्यांच्या शरीरात वारंवार लागण होऊन अर्धवट प्रतिकारशक्ती तयार होते. जंतू अंगात असूनही प्रौढ माणूस कामावर जाऊ शकतो. कोप्पीचे हृदय आणि फुप्फुसे जगात अव्वल होती, पण या जंतूशी त्याच्या रक्ताची ओळख नव्हती. तंदुरुस्ती इथे उपयोगाची नाही. त्या वर्षी अप्पर व्होल्टात या आजाराने दगावलेल्या मुलांची नावे कुठेच छापून आली नाहीत, हेही नोंदवायला हवे.

मलेरियाच्या माहेरीच मलेरियाचा विसर?

या कहाणीतील सर्वांत चटका लावणारा भाग हाच. मलेरिया हा शब्दच इटालियन आहे. माल आरिया म्हणजे दूषित हवा. दलदलीतून उठणाऱ्या वाईट हवेने हा ताप येतो अशी शतकानुशतकांची समजूत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत दरवर्षी सुमारे १५ हजार लोक मलेरियाने मरत. रोमजवळची पोंटाइन दलदल तर कुप्रसिद्धच. पण दक्षिणच कशाला, कोप्पीच्या पिडमाँटमध्येही भातखाचरांच्या पट्ट्यात मलेरिया होता.

आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. पुढच्याच वर्षी जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा मलेरिया अॅनाफिलिस डासामुळेच पसरतो हे इटलीत सिद्ध केले. १९०० मध्ये इटलीने सरकारी क्विनीनचा कायदा केला. मीठ आणि तंबाखू विकणाऱ्या परवानाधारक दुकानांत सरकारी क्विनीन मिळू लागले. कोप्पी लहान असताना कोपऱ्यावरच्या तंबाखूच्या दुकानात ज्या गोळ्या मिळत, त्यातच त्याचा जीव वाचवण्याची ताकद होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी देशभर झाली आणि अवघ्या काही वर्षांत मलेरिया जवळजवळ नाहीसा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने इटलीला मलेरियामुक्त जाहीर केले १९७० मध्ये, पण १९५९ पर्यंत उत्तर इटलीतल्या डॉक्टरांच्या रोजच्या कामातून तो गेलाच होता. यश एवढे झपाट्याचे होते की आजाराबरोबर त्याची आठवणही पुसली गेली. तरुण डॉक्टरांनी तो पाहिला नव्हता, जुन्या डॉक्टरांच्या लेखी तो संपला होता. शिवाय उत्तर इटलीतला जुना मलेरिया मुख्यत: व्हायव्हॅक्सचा, म्हणजे सौम्य. चार दिवसांत धडधाकट माणूस मारणारा ताप हा मलेरिया असेल, ही कल्पनाच त्यांच्या अनुभवात बसत नव्हती.

डॉक्टरांना आज दोष देणे सोपे आहे. जेमिनियानीच्या डॉक्टरांचेही तीन अंदाज चुकले, हे विसरता कामा नये. ते जास्त हुशार होते असे नाही. फ्रान्सच्या वसाहती आफ्रिकेत होत्या, तिथून तापाचे रुग्ण येत, आणि शंका आली की नमुना पाठवायचा कुठे हे ठरलेले होते.

विषप्रयोगाची वावडी कुठून आली?

एवढा मोठा माणूस डासाने मरतो हे लोकांच्या पचनी पडत नाही. मृत्यूनंतर अफवा येतच राहिल्या. जानेवारी २००२ मध्ये तर इटलीच्या वृत्तपत्रांत एक कथा झळकली. बुर्किना फासोमधील एका धर्मगुरूच्या हवाल्याने असे सांगण्यात आले की कोप्पीला वनस्पतीपासून केलेले विष सूड म्हणून पाजण्यात आले होते. तोर्तोनाच्या न्याययंत्रणेने चौकशी सुरू केली, मृतदेह उकरून तपासावा का यावर विषतज्ज्ञांचे मत मागवले गेले. अखेर कबर न उकरताच प्रकरण बंद झाले. कथेला छेद देणारा पुरावा पहिल्या दिवसापासून समोर होता. शेजारच्या खाटेवर झोपलेल्या माणसाच्या रक्तात फाल्सिपेरम सापडला होता आणि तो मलेरियाच्या औषधाने बरा झाला होता.

आज असे होऊ शकते का?

होते. ज्या देशांत स्थानिक मलेरिया नाही, तिथे परतलेल्या प्रवाशांमधील मलेरियाला ‘आयात’ मलेरिया म्हणतात. अमेरिकेत दरवर्षी असे सुमारे दोन हजार रुग्ण आढळतात. ब्रिटनमध्ये २०२३ साली २,००४ रुग्णांची नोंद झाली. बहुतेकांना लागण आफ्रिकेत झालेली असते आणि बहुतेकांनी प्रतिबंधक गोळ्या घेतलेल्या नसतात. मृत्यू थोडे होतात, पण जे होतात त्यांत उशिरा झालेले निदान हे कारण वारंवार दिसते. रुग्ण आधी फ्लू समजून घरी थांबतो, मग डॉक्टर फ्लू समजून घरी पाठवतो.

यातले मोठ्या संख्येने रुग्ण पर्यटक नसतातच. परदेशात स्थायिक झालेली आणि मायदेशी नातेवाईकांना भेटून परतलेली ही माणसे असतात. लहानपणी कमावलेली अर्धवट प्रतिकारशक्ती काही वर्षे बाहेर राहिले की ओसरते, पण मनातली खात्री ओसरत नाही. आपल्याच गावाला जायचे तर गोळ्या कशाला, असा हिशेब असतो. लंडन किंवा न्यू जर्सीतून सुट्टीत महाराष्ट्रात येणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे लागू आहे. भारतातून परतलेल्यांमध्ये व्हायव्हॅक्स जास्त आढळतो आणि तो यकृतात दडून बसतो. पावसाळ्यात इथे डास चावलेला असतो आणि ताप तिकडे बर्फ पडत असताना येतो. त्या डॉक्टरला भारतवारी सांगितली नाही, तर त्याच्या मनात मलेरिया येण्याचे कारण नाही.

उलट दिशेचा प्रवासही आहे. नोकरी-व्यवसायासाठी नायजेरिया, काँगो, मोझांबिककडे जाणारे आपले लोक, मलेरिया काय आपल्याला नवीन आहे का, या समजुतीत असतात. मुंबई-पुण्यात ज्याला आपण मलेरिया म्हणून ओळखतो तो बहुधा व्हायव्हॅक्स. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात काम केलेल्या आरोग्यसेवकांना फाल्सिपेरम काय चीज आहे ते माहीत असते. शहरातून गेलेल्या अभियंत्याला नसते.

आफ्रिकेला जाताना डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यायच्या गोळ्या निघण्याआधी सुरू होतात आणि परत आल्यावरही घ्यायच्या असतात, काही सात दिवस तर काही चार आठवडे. घरी आलो, आता कशाला, म्हणून नेमक्या शेवटच्या गोळ्या सोडल्या जातात, आणि यकृतातून बाहेर पडणारे जंतू गाठायला त्याच लागतात. परतल्यानंतर तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचे. व्हायव्हॅक्स तर वर्षभरानेही डोके वर काढू शकतो. पहिल्या तपासणीत जंतू दिसला नाही म्हणजे मलेरिया नाही असे नसते. १२ ते २४ तासांच्या अंतराने ती पुन्हा करावी लागते. आज झटपट चाचणीचे किट पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते आणि गंभीर रुग्णाला शिरेतून देण्याचे आर्टेसुनेट हे औषध क्विनीनपेक्षा सरस ठरले आहे.

कोप्पीनंतर

कोप्पीला कास्तेल्लानियात दफन करण्यात आले. मूठभर वस्तीच्या त्या गावाच्या टेकडीवर हजारो माणसे लोटली. ज्यांनी त्याला टोमणे मारले होते, त्यांतलेही अनेक असतील. भाऊ सेर्सेही त्याच्या शेजारी आहे. १९६५ पासून जिरो शर्यतीतील सर्वांत उंच घाटाला ‘चिमा कोप्पी’ म्हणजे कोप्पी शिखर म्हणतात. २०१९ मध्ये जन्मशताब्दीच्या वर्षी त्याच्या गावाचे नाव अधिकृतपणे कास्तेल्लानिया कोप्पी झाले.

खोलीतला दुसरा रुग्ण, राफाएल जेमिनियानी, पुढे जाक आंक्तीलच्या संघाचा नावाजलेला व्यवस्थापक झाला. त्या रात्रीच्या डासांविषयी तो मुलाखतींतून सांगत राहिला. जुलै २०२४ मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा तो ९९ वर्षांचा होता.